चढावरचा फौजी

डॉक्टरांनी एखादा छंद लावून घ्या म्हटल्यापासून मी रोज सकाळी साताऱ्यात किल्ल्याच्या चढावर रोझरीची माळ जपत धावतो. पाप आणि पोट एकाच फेरीत उतरावं, हा हिशेब. तिथं एक निवृत्त फौजी मला रोज मागं टाकतो. एकदा तरी त्याच्याआधी वर पोचायचं, एवढीच माझी इच्छा.

एकदा तो थांबलाच. "आवं, मी पुढं गेलो की तुमचं ओठ हलत्यात. शिव्या देताय व्हय?"

मी घाईघाईनं माळ दाखवली. "छे हो, प्रार्थना करतोय!"

"मग माझ्या गुडघ्यासाठी बी करा की. लय दुखतोय."

मी माळेच्या क्रुसाला हात लावून शब्द दिला आणि तो रोज पाळतो. फक्त गुडघ्याची प्रार्थना मी चढ संपल्यावर सुरू करतो.