शेप्याची कोय

आमच्या शेतात शेप्या नावाचा आंबा होता. त्याला शेपूच्या भाजीचा वास यायचा, म्हणून ते नाव. फळ मुठीएवढं, रेषाळ, आणि पिकलं तरी साल हिरवीच. पाहुण्यांना ते कच्चं वाटायचं. आप्पा, म्हणजे माझे वडील, देठाजवळ अंगठा दाबून पिकलेलं ओळखायचे. बाजारात शेप्याला कोणी विचारत नसे. बाकीचे आंबे संपत आले की तो यायचा, आणि आप्पा बांधावर बसून एकामागून एक चोखायचे. असंच एकदा चोखता चोखता ते चुलत्यांना म्हणाले, "मेलो तर ह्याच्याच लाकडावर न्या रं मला."

"आधी दाढी तरी पुसा, आप्पा," चुलते म्हणाले. आम्ही सगळे हसलो.

यंदा मे महिन्यात आप्पा अचानक गेले. घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. बेळगावजवळ पिरनवाडीत खोली घेऊन राहतो. तिथून निपाणीकडच्या आमच्या गावी पोचेपर्यंत चुलत्यांनी शेप्या तोडला होता. भावाचा तो शब्द त्यांनी लक्षात ठेवला होता. त्यांना दोष तरी कसा देऊ? ओलं लाकूड पेटत नव्हतं. ते खाली शेणी सारत होते आणि रडत होते.

तोडलेल्या फांद्यांवरचे आंबे अजून कोवळे होते. आईने ते वेचून गवताच्या अढीत घातले. सुरकुतले, कुजले. एकच कसाबसा पिकला. बाराव्याला तो आप्पांच्या फोटोपुढे ठेवला, मग आम्ही दोघांनी वाटून खाल्ला. वास शेपूचाच होता. गोडी नव्हती.

कोय आईने घरामागच्या परड्यात पुरली. पावसात ती उगवली. आई रोज जाऊन बघायची. फांदीचं कलम बांधलं असतं तरच तोच आंबा राहिला असता, हे मी वाचलं होतं. सांगू की नको, असं बरेच दिवस चाललं. शेवटी म्हणालो, "आई, ह्याला शेप्याच लागंल असं न्हाय. कोयीचं झाड येगळंबी निघतंय."

"व्हय? तू तरी कुठं त्यांच्यागत निघालास? म्हणून काय टाकून दिला व्हय तुला?"

मग ती वाकली. रोपाचं एक तांबूस पान तोडून तिने चुरगाळलं आणि नाकाशी धरलं. बराच वेळ धरून ठेवलं. वास आला का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. तिने हात पदराला पुसला आणि शेळ्यांनी तोंड घालू नये म्हणून रोपाभोवती बाभळीच्या काट्या लावायला लागली.