बघू म्हटलं की कप विसळायचे

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. शनिवारी दुपारी आमच्या दाराशी चपला, बूट, इथले रबरी जँडल्स साठायचे, तसे तेही साठत गेले. संध्याकाळी जो तो आपापली जोडी घालून निघून जायचा. किस्से मात्र माझ्याकडेच राहिले.

बातमी आली तो शनिवार अगदी साधा होता. न्यू लिनच्या आमच्या घरी डायनिंग टेबलाभोवती 'टेंपररी मंडळ' बसलं होतं. हे नाव मंदारने ठेवलेलं. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमागून न्यूझीलंडला आलेली ही माणसं. भारतात प्रत्येकाचं चांगलं चाललेलं. इथे मुदतीच्या, कुणाच्या तरी देखरेखीखालच्या लायसन्सवर काम. माझी बायको नीला त्यांच्याकडून इंग्रजीची आणि मुलाखतींची तयारी करून घ्यायची. नीलाला जाऊन तेव्हा वर्ष व्हायचं होतं. शनिवार चालू होते. शिकवणारं कोणी नव्हतं, म्हणून सगळे एकमेकांना शिकवायचे आणि मी चहा करायचो.

मेधाचा फोन वाजला. मेधा फिजिओथेरपिस्ट, सांगलीची सून. तिचा नवरा सचिन इथल्या एअर फोर्समध्ये विमानांची देखभाल करतो. तेव्हा तो फेनुआपाईच्या तळावर होता, आमच्या घरापासून जवळच.

"पोस्टिंग आलं," फोन ठेवून ती म्हणाली. "ओहाकिया."

ओहाकिया म्हणजे दिवसभराचा प्रवास. "तिथे क्वार्टर मिळेल ना?" मी विचारलं.

"क्वार्टर मिळेल हो काका. एअर फोर्सचं विमान कुठेही उतरू शकतं. माझं लायसन्सच नाही उतरत!"

खरंच होतं ते. तिचं लायसन्स न्यू लिनच्या एका क्लिनिकपुरतं आणि तिथल्या एका सुपरवायझरपुरतं होतं. ओहाकियाजवळ दुसरा कोणी तिची जबाबदारी घ्यायला तयार झाला, तरच ते पुढे चालणार. नाहीतर कायमचं लायसन्स हाताशी आलेलं असताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. किंवा सचिन तिकडे आणि ती इकडे.

"बघू, होईल काहीतरी," मंदार म्हणाला.

सगळ्यांनी एकदम त्याच्याकडे पाहिलं. तो मुकाट्याने उठला आणि कप विसळायला गेला.

*

हा नियम कसा आला ते सांगतो.

मेधाची न्यू लिनच्या क्लिनिकमधली पहिली मुलाखत. मालकाचं नाव ग्रॅहम. त्याने विचारलं, "दिवसाला दहा पेशंट जमतील?" सांगलीत ती याच्या तिप्पट पेशंट हातावेगळे करायची. पण समोरच्याला तोंडावर 'जमतील की' म्हणायचं म्हणजे आगाऊपणा. म्हणून नम्रपणे म्हणाली, "आय विल सी."

"शनिवारी सकाळी येता येईल?"

"आय विल सी."

"ही नोकरी तुला हवी आहे ना?"

"आय विल सी!"

घरी आली ती खुशीत. "काकू, मस्त झाला इंटरव्ह्यू!" नीलाने सगळं पुन्हा म्हणून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "अगं, तुझं बघू म्हणजे हो. त्याच्या लेखी बघू म्हणजे नाही! आत्ताच्या आत्ता फोन कर."

मेधाने घाबरत फोन लावला. ग्रॅहमने उचलल्याबरोबर एका दमात म्हणाली, "हॅलो, आय हॅव सीन. येस!"

नोकरी मिळाली. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर 'बघू' म्हणेल त्याने सगळ्यांचे कप विसळायचे, असं नीलाने ठरवून टाकलं.

*

लायसन्सचा कागद हातात आला तेव्हा मेधाच्या सासूबाई सांगलीहून आल्या होत्या. त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. प्रॅक्टिसिंग सर्टिफिकेट.

"म्हणजे अजून प्रॅक्टिसच चाललीय का गं?"

मेधाने समजावलं, पण सांगलीला फोन गेलाच. "नाही हो, खरं लायसन्स कुठलं! अजून प्रॅक्टिसला बसवलंय. पण पगार देतात बिचारे!"

पुढच्या वर्षी कागद नवा आला. वर पुन्हा तेच. सासूबाई पुन्हा आलेल्या. त्यांनी संध्याकाळी गोडाचा शिरा केला. सून नापास झाली तरी तिला उपाशी कसं ठेवायचं!

मग एकदा त्यांचा गुडघा धरला म्हणून मेधा त्यांना क्लिनिकमध्ये घेऊन गेली. ग्रॅहमच्या खोलीत भिंतीवर त्याचा कागद फ्रेम करून लावलेला. सासूबाई उठून जवळ गेल्या, वाचलं, एकदा त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि मेधाच्या कानाशी लागल्या.

"याचं तर म्हातारपण आलं तरी झालं नाही गं! तू नको काळजी करू."

*

मंदार सोलापूरचा, गणिताचा मास्तर. त्याची बायको इथे आयटीत. त्याला एका शाळेत मुदतीवर शिकवायची परवानगी मिळाली होती आणि ती वाढवायची तर एक बाई वर्गात मागे बसून त्याचा तास बघणार होत्या.

मंदारची एक खोड आहे. तो जगाशी इंग्रजीत बोलतो, पण गुणाकार मराठीत करतो. फळ्याकडे तोंड करून पुटपुटतो, "सात सक बेचाळीस." मुलांनी विचारलं, सर, हे काय? त्याने सांगितलं. मुलांना चाल आवडली. महिन्याभरात सगळा वर्ग सातचा पाढा घडाघडा म्हणायला लागला.

तपासणीच्या दिवशी मंदारने खडसावून सांगितलं होतं, आज कोणी तोंड उघडायचं नाही. सगळं सुरळीत चाललेलं. फळ्यावर सात गुणिले सहा आलं, मंदार जरासा अडखळला आणि मागून तीस आवाज उठले, "सात सक बेचाळीस!"

बाईंनी शेजारच्या सामोअन मुलीला हळूच विचारलं, "ही कुठली भाषा?"

तिने चमकून बाईंकडे पाहिलं. इतकंही कळत नाही?

"मॅथ्स, मिस!"

*

मेधाच्या क्लिनिकमध्ये एक म्हातारे शेतकरी आले. आयुष्यभर गाई राखलेले, आता मुलीकडे राहायला आलेले. छपराच्या पन्हळीतला पाला काढताना घसरले होते.

"काही नाही," ते म्हणाले. "बिट सोर, एवढंच." हसले, हवापाण्याच्या गप्पा मारल्या, मेधाला कुठून आलीस म्हणून विचारलं. मात्र खुर्चीवर टेकले नाहीत.

मेधाने त्यांना हात लावायच्या आधी ग्रॅहमला बोलावलं. "एक्स-रे काढू या."

ग्रॅहमला पटलं नाही. माणूस स्वतःच्या पायांनी चालत आलाय, गप्पा मारतोय. पण मेधा हटेना. काढला. खुब्याला बारीकशी भेग!

"तुला कसं कळलं?" ग्रॅहमने विचारलं.

"माझे वडील पण असंच म्हणाले होते. जरा चमक भरलीय, बाकी काही नाही. तेव्हा त्यांच्या दोन बरगड्या मोडलेल्या होत्या."

हा प्रसंग ग्रॅहमने तिच्या रिपोर्टमध्ये लिहिला. नीलाला तो रिपोर्ट इतका आवडला की तिने तो टेबलाशी मोठ्याने वाचून घेतला, दोनदा.

*

नीलाच्या शेवटच्या हिवाळ्यात आम्ही हॉस्पिटलमध्ये गेलो होतो. डॉक्टर मोठ्या मनाची बाई. जाता जाता तिने विचारलं, "थंडी सरली की तुझा शनिवारचा क्लास पुन्हा सुरू ना?"

"वी विल सी," नीला म्हणाली.

घरी आल्यावर कोट न काढताच ती सिंकपाशी गेली. सकाळचे दोनच कप होते. तिने ते विसळले, पुसले, जागेवर ठेवले. मी दाराशी बूट काढत होतो.

*

तर मेधाचं पोस्टिंग. ओहाकियाच्या आसपासच्या सगळ्या क्लिनिकना तिने फोन केले. कुणाकडे जागा नाही, कुणाकडे देखरेखीला वेळ नाही. सचिन सामान बांधायला लागला होता. मग त्याच्या सार्जंटच्या बायकोने एक नाव दिलं. जून. एक वयस्कर फिजिओ, स्वतःचं छोटं क्लिनिक, ओहाकियापासून जवळच्या गावात.

"नावच जून," मंदार म्हणाला. "भेंडी असती तर मी घेतली नसती. गाव कुठलं?"

"फील्डिंग."

मंदार टेबलावर हात आपटून म्हणाला, "अगं, गावाचं नावच फील्डिंग आहे! लावा की!"

पुढच्या शनिवारी जूनने फोनवर बोलायचं कबूल केलं. फोन टेबलाच्या मधोमध स्पीकरवर. मंदार खुर्ची पुढे ओढून बसलेला, मी चहाचं भांडं हातात घेऊन उभा.

जूनने पेशंटबद्दल विचारलं, ग्रॅहमच्या रिपोर्टबद्दल विचारलं. मेधाने सगळी उत्तरं सरळ दिली. हो, येतं. हो, करीन. मग जूनने विचारलं, "आणि हे सगळं चांगलं चाललेलं सोडून इकडे का?"

"नवरा एअर फोर्समध्ये आहे."

"माझाही होता, डिअर. दर पोस्टिंगला नव्या घराच्या खिडक्या वेगळ्या. पडदे कापत कापत गेले, शेवटी त्यांचे उशांचे अभ्रे झाले. आणि दर वेळी कुठली ना कुठली आवडती नोकरी मागे राहिली."

मेधाने विचारूनच टाकलं, "मग तुम्ही मला घ्याल?"

"वी'ल सी, एह?" जून म्हणाली.

आणि मेधाच्या तोंडून निघून गेलं, "देन यू हॅव टु वॉश द कप्स!"

मंदारने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मेधा लालबुंद. सॉरी सॉरी करत तिने सगळं सांगितलं, नीला काकू, शनिवार, बघू, कप.

"आणि ही आंटी स्वतः असं म्हणाली तर?" जूनने विचारलं.

"ती कधीच म्हणाली नाही," मेधा म्हणाली.

मी चहा गाळायला घेतला.

"बरं," जून म्हणाली. "माझ्याकडे डिशवॉशर नाही. तेव्हा येस."

*

लायसन्स देणाऱ्या कौन्सिलची परवानगी आली, मेधा फील्डिंगला गेली. तिच्यामागून दोघा-तिघांनी गाव बदललं, मंदारची शाळा कायम झाली, शनिवार हळूहळू थांबले. मीही फारसा कुठे जात नाही. पापाटोएटोच्या भारतीय दुकानात पोहे-शेंगदाणे आणायला, तेवढंच.

परवा मेधाचा फोन आला. कायमचं लायसन्स मिळालं! वर अजूनही प्रॅक्टिसिंगच लिहिलंय, पण सासूबाई आता हरकत घेत नाहीत. त्या तिथेच आहेत, जूनकडून गुडघा चोळून घेतात आणि तिला शिरा खाऊ घालतात.

"काका, पार्टी आहे. जून विचारतेय, नीलाचे मिस्टर कधी येणार? गाडीने या, नाहीतर सचिन न्यायला येईल. कधी येताय?"

"बघू," मी म्हणालो.

फोनवर मागून सासूबाईंचा आवाज आला, "काय म्हणाले गं?"

"बघू म्हणाले."

"मग त्यांना सांग, कप तसेच ठेवलेत म्हणावं."

फील्डिंगला जायचं अजून राहिलं आहे.