पोच नसलेली बाई

माझा स्वभाव माफ करणाऱ्यातला नाही. लोक सांगतात, सोडून द्यावं, मन हलकं होतं. माझं मन जड आहे आणि मला ते तसंच बरं वाटतं.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी दौंड तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षिका होते. शाळा एका खासगी संस्थेची. घर पाबळजवळच्या वाडीत. तिथे आई एकटी, आणि अर्धांगवायूनं तिचं डावं अंग गेलेलं. शेजारची चुलती तिचं करायची. मी दर शनिवारी चौफुला, न्हावरा, शिक्रापूर अशा एसट्या बदलत घरी जायचे आणि रविवारी दुपारी परत निघायचे. संस्थेची दुसरी एक शाळा कोरेगाव भीमाच्या बाजूला होती आणि तिथे मराठीची जागा रिकामी होती. मला तिथे बदली हवी होती, एवढंच.

मी चार पानी अर्ज लिहिला. मराठी शिकवत असल्यामुळे भाषेची काही कमी नव्हती. संस्थेच्या शिरूरच्या ऑफिसात हेडक्लार्कनी तो हातातही घेतला नाही.

"ठेवा तिथं. देतो साहेबांकडं."

दोन महिन्यांनी चौकशी केली तर म्हणाले, "कुठला अर्ज?" दुसरा दिला, तोही गडप झाला. तिसरा घेऊन गेले तेव्हा दाराशी चप्पल काढताना आतून माझंच वाक्य ऐकू आलं. 'माझी आई माझ्या वाटेकडे डोळे लावून बसली आहे.' हेडक्लार्क ते नाटकी आवाजात वाचून दाखवत होते आणि शिपाई हसत होता. म्हणजे माझे अर्ज मिळाले होते, करमणुकीसाठी. आत जाऊन तिसरा अर्ज टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "याची पोच द्या."

आमच्याकडे पोच मागणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं. भिडेपोटी कुणी मागत नाही, आणि म्हणून कागद हरवतात. हेडक्लार्कनी शिपायाकडे बघून डोळा बारीक केला.

"मास्तरीण झाल्या, पन पोच न्हाई."

त्या दिवशी ठरवलं, ह्या माणसाला कागदावरच गाठायचं.

शिरूरच्या कोर्टाबाहेर टायपिंगवाले एक आप्पा बसायचे. त्यांनी माझ्याकडची अर्जाची नक्कल वाचली आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"बाई, ह्यो अर्ज न्हाई, हे रडगाणं हाय. तुमचं रडनं वाचून त्यांचा दिवस बरा जातो."

"मग काय लिहू?"

"एका कागदात एकच काम. वर विषय, त्याखाली संदर्भ, म्हंजी आधीच्या अर्जांच्या तारखा. राग आन् आई, दोन्ही घरी ठिवा."

"आई घरीच आहे, म्हणून तर लिहितेय."

आप्पांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "मंग तिच्यावर एक ओळ. डॉक्टरचा दाखला जोडा. खाली लिहा, प्रत माहितीसाठी, सचिव. त्या ओळीला भेत्यात ही मानसं. आन् रजिस्टरनं पाठवा, पोच पोस्टमन आनून दील."

माझ्या हातून विशेषणं सुटेनात. 'निर्दयी' हा शब्द मी तीनदा लिहिला आणि आप्पांनी तीनदा खोडला. शेवटी पाच ओळी उरल्या. इतकं विखारी मी आयुष्यात काही लिहिलं नव्हतं, आणि त्यात वाईट शब्द एकही नव्हता.

मग दर पंधरा दिवसांनी एक पत्र. मजकूर तोच, फक्त संदर्भ वाढत जायचे. पोस्टाची पोचपावती आली की तिच्यावरची हेडक्लार्कची वळणदार सही मी मन भरेपर्यंत बघायचे. चौथ्या पत्रानंतर सचिवांनी त्यांच्याकडे लेखी खुलासा मागितला.

हेडक्लार्क स्वतः शाळेत आले. मधली सुट्टी होती, वर्ग रिकामा होता.

"बाई, एक ओळ लिहून द्या. गैरसमज झाला, तक्रार न्हाई म्हनून. माझ्या नोकरीची दोनच वर्षं ऱ्हायल्यात."

"अर्ज करा," मी म्हणाले. "विषय लिहा, संदर्भ घाला."

त्यांनी खरंच कागद मागितला. पोरांच्या बाकावर गुडघे कसेबसे कोंबून दोन पानं लिहिली. मी ती वाचली, तांबड्या पेननं शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि त्यांच्या हातात परत दिली. ओळ काही लिहून दिली नाही. खोटं कशाला बोलू, मला फार मजा आली.

त्याच आठवड्यात, बुधवारी, आईला दुसरा झटका आला. शाळेत फोन आला गुरुवारी दुपारी. मी पोचले तेव्हा तिची वाचा गेली होती.

अठरा दिवसांनी बदलीचा आदेश आला. हेडक्लार्कना टेबलावरून उठवून जुन्या दप्तरांच्या खोलीत बसवल्याचंही कळलं. पुढे ते कधीमधी शिरूरच्या स्टँडवर दिसायचे, नमस्कार करायचे. मी तोंड फिरवायचे. आजही फिरवीन.

ट्रंक आणि आदेश घेऊन मी घरी आले तो रविवार होता. चुलतीनं आईच्या कानाशी वाकून मोठ्यानं सांगितलं, "लेक आली बघ. आता हिथंच ऱ्हानार हाय." आईनं माझ्याकडे बघितलं आणि उजवा हात उचलून रस्त्याकडे हलवला. एसटी चुकू नये म्हणून दर रविवारी ती मला तशीच घाई करायची. मी आदेशाचा कागद तिच्यासमोर धरला. तिनं पुन्हा हात हलवला, जा म्हणून. त्यानंतर आई आठ महिने जगली, आणि रोज दुपारी मला एसटीला घालवत राहिली.