फवाऱ्याने पंखा लावला

लोक त्याला फवारा म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव सरकारी कागदांपुरतं उरलं होतं, आणि तिथेही कारकुनाने ते चुकीचं लिहिलं तेव्हा याने हरकत घेतली नाही. त्याची नाव निघाली की मागे पाण्याचा पांढरा तुरा उठायचा, म्हणून फवारा. बायको रागावली की विचारायची, "आज कुठे उधळले फवारे?" आणि तोही गुमान उत्तर द्यायचा.

तो तुरा जेटचा. नदी तेव्हा उथळ होती, गुडघाभर पाण्याखाली नुसते दगडगोटे. मोटरीखाली पंखा असलेल्या नावा दोन खेपांत दात पाडून घेत. फवाऱ्याने ऐन तरुणपणात मोटरीचा पाय, म्हणजे पंखा बसवलेला खालचा भाग, काढला आणि जेट बसवलं. जेट नावेच्या पोटाखालून पाणी ओढतं आणि मागे जोरात फेकतं. खाली लोंबणारं, गरगर फिरणारं काही नाही. तेव्हापासून या काठाची माणसं त्या काठाला नेणं हा त्याचा धंदा झाला, आणि खरं सांगायचं तर तोराही. "माझी नाव ओल्या फडक्यावरूनसुद्धा जाईल," असं तो म्हणायचा. लोक हसायचे, पण त्याला स्वतःला ते अर्धंअधिक खरं वाटायचं.

मग खालच्या अंगाला बंधारा झाला. पाणी चढलं, साठलं, आणि साठलेल्या पाण्यात लांबच लांब गवत माजलं. जेट पाण्याबरोबर गवतही ओढू लागलं. जाळी तुंबली की मोटर नुसती केकाटायची आणि नाव पुढे सरकायची नाही. फवारा इंजिन बंद करून पालथा पडायचा आणि काखेपर्यंत हात घालून गवत उपसायचा. एकदा पलीकडच्या दवाखान्यातल्या नर्सबाई नावेत असताना जाळी लागोपाठ तुंबत गेली. तेवढ्यात प्रवाहाने नाव बंधाऱ्याच्या इतकी जवळ नेली की पाणी पडल्याच्या आवाजात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या पुलाकडच्या लांबच्या वाटेने जाऊ लागल्या. हळूहळू आणखी काही जणांनी तीच वाट धरली. नाव गेली तर फवाऱ्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि आलं असतं तरी ते त्याला करायचं नव्हतं.

"बाबा, आता जेट उतरवायचं," मुलगी म्हणाली. ती मोटरी दुरुस्त करायची. धक्क्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचं दुकान होतं.

"आणि पंखा लावायचा? या वयात?"

"पंखा मोटरीला लावायचाय. तुम्हाला नाही."

जुना पाय शेडच्या माळ्यावर तेलकट गोणपाटात गुंडाळलेला होता. इतक्या वर्षांत त्याची सीलं वाळून बिस्किटासारखी झाली होती. ती तिने बदलली. जेटचा शाफ्ट वेगळ्या लांबीचा, तो काढून मूळचा बसवला. थंड पाणी खेचणाऱ्या पंपाचं रबर नवं घातलं. जेटला उलटं जायचं म्हणजे झोतापुढे एक झडप पाडायची. त्या झडपेचा दांडा सोडवून तिने गिअरला जोडला. मोटरही खाली आणावी लागली, कारण जेट नावेच्या तळाला लागून असतं आणि पंखा तळाच्या खाली हवा. मागच्या फळीवर उंचीसाठी ठोकलेला ठोकळा फवाऱ्याने स्वतः छिन्नीने काढला. त्याखालचा हिरवा रंग अजून नवा कोरा होता.

"बघ, मीही आतून असाच आहे," तो म्हणाला.

"तुम्हाला खोलून बघायला आईची परवानगी लागेल," ती म्हणाली. त्या दिवशी दोघं खूप हसली. त्यानंतरचे दिवस तसे गेले नाहीत.

पहिल्या खेपेला नाव अशी पळाली की लोक चकित झाले. गवत पंख्याने कापून बाजूला टाकलं. फवारा खुशीत होता. धक्क्याजवळ आल्यावर प्रवाहाने नाव जराशी आडवी ओढली, आणि त्याच्या मुठीने आपणहून गॅस वाढवला. नाव उसळली, पायऱ्यांवर चढली आणि करकरत थांबली. पायरीवर उभ्या असलेल्या पावाच्या दुकानवाल्याने पाय मागे घेतला म्हणून वाचला. "फवाऱ्या, घरात घालतोस का नाव?" म्हणून तोच आधी हसला, मग सगळे हसले. फवारा मात्र हसला नाही.

कारण त्याला कळलं होतं काय झालं ते. जेटला पाण्याचा झोत हेच सुकाणू. गॅस सोडला की झोत थांबतो, आणि नाव वळायची बंद होते. म्हणून जेटवाल्याच्या हाताला एकच धडा: अडचण आली की गॅस वाढव. पंख्याचा धडा नेमका उलटा. आणि जेट चालू असताना नाव कधी स्वस्थ उभीच राहत नाही. एका हाताने गॅस, दुसऱ्याने दांडा पुढेमागे करत तिला चुचकारावं लागतं. हे त्याने इतकी वर्षं केलं की करतोय हेही तो विसरला होता. मोटर बदलून झाली, हात तेच राहिले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि इथे तर सुंभही जळलेला नव्हता.

दुपारच्या मोकळ्या वेळात तो एकटाच नाव काढायचा. पाण्यात दगड बांधून एक रिकामा डबा सोडायचा आणि त्याच्याशेजारी नाव थांबवायचा सराव करायचा. डबा म्हणजे माणूस. बहुतेक वेळा जमायचं. पण मधेच वारा यायचा, मूठ वळायची, मागचा भाग डब्याकडे फिरायचा आणि खालून ठण्ण आवाज यायचा. चिरलेले डबे तो शेवाळात दडवून यायचा. घरी जेवताना मनगट चोळायचा. झोपला की चादरीवर त्याची मूठ वळायची, ते बायकोने पाहिलं.

"अहो, दुखतंय का हात?"

"हात कसला दुखतोय. हात भलताच ठणठणीत आहे," तो म्हणाला, आणि ताटावरून उठला.

मुलीने सकाळी विचारलं, "जमलं ना आता?"

"हातचा मळ आहे," तो म्हणाला. नर्सबाई परत नावेने येऊ लागल्या होत्या; दुसरं काय सांगणार होता.

दुपारी ती पाना घेऊन धक्क्यावर आली. "इंजिन चालू करा बाबा, न्यूट्रललाच ठेवा. खालच्या सीलमधून तेल येतंय का बघते." असं म्हणून ती मांडीभर पाण्यात उतरली आणि सरळ मोटरीमागे जाऊन वाकली. लहानपणापासून ती तशीच उतरायची. जेटच्या मागे उभं राहिलं तर फक्त भिजायला व्हायचं. सगळ्या काठाला तीच सवय होती.

बंधाऱ्याकडे ओढ होती. नाव वीतभर सरकली. फवाऱ्याची मूठ वळली आणि इंजिन रिकामंच गरजलं. त्याने पाहिलं, दुसरा हात गिअरच्या दांड्यावर होता आणि दांडा हलू लागला होता.

त्याने मनगटाला बांधलेली, इंजिन बंद करायची दोरी हिसडली. इंजिन बंद पडलं.

"काय झालं?" तिने वर बघितलं. "न्यूट्रललाच होतं की."

"बाहेर ये."

"अहो, अजून बघायचंय—"

"बाहेर ये म्हणतो ना." त्याचा आवाज फाटला. ती पायरीवर येऊन उभी राहिली. मग तो म्हणाला, "मी तुला खोटं सांगितलं. मला जमत नाही."

"होईल सवय. थोडे दिवस द्या."

"देतो. पण कोणाच्या पायावर शिकू?"

तिच्या मांडीवरून पाणी ओघळत होतं आणि तो तिच्या पायांकडेच बघत होता. तिने आत्ता कुठे वळून पंख्याकडे पाहिलं. त्याने मनगटाची दोरी सोडली आणि तिच्या हातात दिली. त्याला रडू येत होतं, आणि ते लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

पलीकडे माणसं खोळंबली होती. ती एकटीच नाव घेऊन गेली. फवारा पायरीवर बसून राहिला. काठावर असं बसायची त्याला सवय नव्हती. येताना नाव माणसांनी भरलेली होती, नर्सबाई पुढच्या फळीवर. धक्क्याजवळ प्रवाहाने नाव आडवी ओढली. मुलीने गॅस सोडून दिला.

"अगं, गॅस दे, गॅस दे," फवारा उठून ओरडला.

नाव संथपणे पायरीला येऊन लागली. बाई पाय न भिजवता उतरल्या. मुलगी दोरी बांधण्यात गुंतली होती, तिला काहीच ऐकू गेलं नव्हतं. फवारा खाली बसला. तिला ऐकू गेलं नाही हे किती बरं झालं, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं.