ग्रंथपालांचं संशोधन

कुठलाही कागद हातात आला की आमचे ग्रंथपाल आधी तो उलटा करून मागची बाजू बघायचे आणि मग विचारायचे, "हे खरं कशावरून?" कँटीनमधल्या 'ताजी भजी' या पाटीवरही त्यांनी हा प्रश्न टाकला होता. असा संशयी माणूस तुमच्याही पाहण्यात असेल. आमचे जरा जास्तच होते.

कराडजवळच्या आमच्या कॉलेजात मी इतिहास शिकवतो. एकदा ते म्हणाले, "नोट्स देणं बंद करा. पोरांना लायब्ररीत पाठवा, वाचून एकमेकांना शिकवू दे. त्यानं जास्त कळतं का, आपण दोघं तपासू." त्यावर सांगलीच्या परिषदेत निबंध वाचायचं ठरलं. ग्रंथपालाला शिक्षकांत कुणी धरत नाही, हे त्यांना फार लागायचं. निवृत्तीआधी एकदा तरी संशोधक म्हणून नाव छापून यावं, एवढीच त्यांची इच्छा.

ते माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसू लागले. स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झाली, प्राचार्यांचा हेर! खोटं कशाला सांगू, मीही सुरुवातीला जपूनच बोलत होतो.

सत्राच्या शेवटी मुलांनी लिहून दिलं, 'खूप छान समजलं.' मी खूश. त्यांचा चेहरा मात्र उतरला. "सगळ्यांनाच छान कसं समजलं हो? यात काहीतरी काळंबेरं हाय."

त्यांनी म्हसवडच्या एका मुलीला लायब्ररीत विचारलं. ती चाचरत म्हणाली, "सर, आमी गाईडच वाचलं. पर तुमी दोघं एवढं राबताय, तुमास्नी वाईट वाटंल म्हणून तसं लिवलं."

"जाऊ द्या, कुणाला कळतंय?" त्यांनी हे सांगितल्यावर मी म्हणालो.

"मला कळलंय न्हवं." त्यांनी स्वतःच सांगलीला फोन करून निबंध मागे घेतला. मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. "निवृत्त झालो तरी येईन. नव्यानं करू." मला त्यांचा राग आला आणि त्यांच्यासाठी जीवही तुटला.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत ते गेले. मी मलकापूरला त्यांच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. वहिनी पाणी देऊन समोर बसल्या.

"सर, एक विचारू? ह्ये सारखं म्हणायचे, मी संशोधन करतोय. पोरगा फौजेत हाय, त्यो थट्टा करायचा. मीबी हसायची. खरंच काय करत होते का?"

त्यांच्या नावाचा एकही छापील कागद माझ्याकडे नव्हता.

"करत होते, वहिनी. माझ्याबरोबर. आणि माझ्यापेक्षा प्रामाणिकपणे."

त्यांनी मोबाइल माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "तेवढं पोराला सांगा की."

मी तिथंच बसून त्याला फोन लावला.