गोदामाला वळसा घालणारी रेघ

गावात त्यांना सगळे हरकतकाका म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. पेशाने ते हिशेबनीस. तेलगिरणीचे, दोन शाळांचे आणि अर्ध्या बाजारपेठेचे हिशेब त्यांच्याकडे होते. मोठ्या रस्त्याच्या वळणावर स्वतःचं दुमजली घर होतं. वर ते आणि त्यांची बायको राहत, खाली रस्त्याकडच्या खोलीत भाडेकरू शिंपी आणि शेजारच्या खोलीत काकांची कचेरी. एवढ्यावर एखादा माणूस सुखाने म्हातारा झाला असता. पण नगरपालिकेच्या सभेत नागरिकांसाठी भिंतीलगत ज्या सहा खुर्च्या ठेवलेल्या असतात, त्यातल्या एका खुर्चीवर काका सत्तावीस वर्षं दर महिन्याला जाऊन बसत होते. आणि कागद वाचून जात होते, हीच पंचाईत होती. सभासद न वाचता हात वर करायचे. मग भिंतीकडून आवाज यायचा, "माझी हरकत आहे."

उभेच न केलेले दिव्यांचे खांब त्यांनी एकदा गल्लोगल्ली फिरून मोजले होते. वाचनालय सुटीच्या दिवशी उघडं ठेवायला लावलं होतं. निवडणुकीला मात्र ते कधी उभे राहिले नाहीत. आत बसलं की जीभ जड होते, असं त्यांचं म्हणणं.

घराला लागून, रस्त्याच्या त्याच बाजूला एक गोदाम होतं. तिथे रस्ता इतका चिंचोळा की ट्रक मागे घेताना माणसाने भिंतीला पाठ लावून श्वास रोखायचा. अकरा वर्षांपूर्वी तिथेच पोस्टमनचा पाय चाकाखाली गेला. त्याला उचलून रिक्षात घालणारे काकाच. पाय गुडघ्यापासून काढावा लागला. तेव्हापासून रस्ता रुंद करा, एवढी एकच मागणी काकांनी धरून ठेवली. अर्ज केले, स्मरणपत्रं दिली, तीन अध्यक्ष पाहिले. अखेर ठराव झाला आणि नकाशा सूचनाफलकावर लागला.

काका चष्मा पुसून नकाशापुढे उभे राहिले. शाळेपासून निघालेली लाल रेघ सुतासारखी सरळ येत होती. गोदामापाशी आली आणि जेवण जास्त झालेल्या पोटासारखी बाहेर फुगली. गोदाम जसंच्या तसं ठेवून, वळसा घालून ती पुढे गेली. गोदाम अध्यक्षांच्या मेहुण्याचं होतं. जिथे माणसाचा पाय गेला, नेमका तोच कोपरा सोडून बाकी सगळा रस्ता रुंद होणार होता.

ते तसेच अध्यक्षांच्या खोलीत शिरले. अध्यक्षांनी चहा मागवला आणि ते हसत म्हणाले, "काका, नकाशा नीट बघितला नाहीत वाटतं. रेघ सरळ आली असती तर तुमच्या घराची पुढची खोली गेली असती. आम्ही आपल्या माणसांना विसरत नाही."

काकांच्या कानशिलांत रक्त तापलं. खिशातून कुणी काही काढलं असतं तर ते ओरडले असते. इथे तर परस्पर खिशात घालून वर पाठ थोपटली जात होती. सत्तावीस वर्षांत आपल्याला कुणी 'आपला माणूस' म्हणू शकेल, असं आपण काय केलं, हेच त्यांना कळेना. चहाला हात न लावता ते बाहेर पडले.

दुसऱ्याच दिवशी सभा होती. काका उठून म्हणाले, "माझी हरकत आहे. रेघ सरळ ओढा. माझ्या घरातून जात असेल तर घरातून न्या." सभागृहात कुणी हसलं, कुणी टाळी वाजवली. नकाशा काढणारा अभियंता मान खाली घालून बसला. सगळ्यांदेखत नाही म्हणणं अध्यक्षांना जमलं नाही. रेघ सरळ झाली.

घरी बायकोने शांतपणे विचारलं, "घर एकट्याचं होतं का?" त्यानंतर आठवडाभर तिने फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं. शिंपी गळ्यात टेप तशीच ठेवून वर आला. म्हणाला, "काका, तत्त्व तुमचं, पण भिंत माझ्या दुकानाची." काकांनी आपली कचेरी त्याला देऊ केली आणि स्वतःच्या चोपड्या वर जेवणाच्या टेबलावर आणल्या. कचेरीचं दार बोळात उघडत होतं. बोळातला शिंपी कुणाला दिसणार? चार महिन्यांत निम्मं गिऱ्हाईक तुटलं आणि तो दुसऱ्या पेठेत निघून गेला.

तोवर काकांच्या घराची पुढची खोली एका सकाळीच भुईसपाट झाली होती. यंत्र तिथून गोदामाकडे वळलं आणि थांबलं. गोदामवाल्याने न्यायालयातून स्थगिती आणली होती. अध्यक्षांनी हात जोडून सांगितलं, की कायद्यापुढे आपलं काय चालणार! म्हणजे घर पडलं, शिंपी देशोधडीला लागला आणि कोपरा होता तसाच राहिला. वर लोक काकांनाच शहाणपण शिकवू लागले.

पोस्टमन कुबडी टेकत आला, विटांच्या ढिगावर बसला. काका तावातावाने म्हणाले, की हे सगळं त्याच्यासाठी चाललंय.

"माझ्यासाठी म्हणू नका," पोस्टमन म्हणाला. "मला आहे तेच ओझं पुरे आहे. न्यायालयात साक्ष द्यायची असेल तर सांगा, येतो."

काका त्याच्यावरही चिडले, पण वकिलाकडे त्याला घेऊनच गेले. तीन वर्षं तारखा पडल्या. प्रत्येक तारखेला पोस्टमन दोन जिने चढला. शेवटी स्थगिती उठली आणि गोदामाचा कोपरा पडला. गर्दी जमली. पोस्टमन नव्या रस्त्याच्या मधोमध उभा राहून दोन्ही बाजूंचं अंतर नुसतं बघत राहिला. काकांना आनंद व्हायला हवा होता. पण अध्यक्ष फीत कापायला आलेले पाहून त्यांचं डोकं पुन्हा सणकलं. ते तिथून तडक निघाले.

चालत ते दुसऱ्या पेठेत शिंप्याच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. कोपरा पडल्याचं त्यांनी सांगितलं. शिंप्याने मशीन थांबवलं.

"बरं झालं, काका. रस्ता हवाच होता. त्या वेळी सभेला जाण्याआधी खाली येऊन मला एकदा विचारलं असतंत, तर मीही हो म्हणालो असतो."

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. अध्यक्षांपुढे, अभियंत्यापुढे, न्यायाधीशांपुढे कधी न अडलेली जीभ तिथे अडली. आता राग कुणावर काढायचा, हे त्यांना चांगलंच ठाऊक होतं. ते स्टुलावर बसले. शिंप्याने पुन्हा मशीन सुरू केलं, पण त्यांना उठा म्हणाला नाही.