डोळे मिटू न देणारी चंद्रभागा

कॅमेऱ्याचे रोल बनवणारी कंपनी बुडाली. कॅमेरेवाल्या कंपनीने कॅमेरे सोडून भलतंच काहीतरी विकायला घेतलं. मोठमोठ्या साहेबांनी हात टेकले, आणि कशेळ्याच्या नाक्यावरचा चंद्रभागाबाईंचा फोटो स्टुडिओ मात्र उघडाच! रोलवाली कंपनी रोलला चिकटून बसली. बाईंनी रोल सोडला, डिजिटल घेतलं, पंचेचाळिशीत कॉम्प्युटर शिकल्या, पण गिऱ्हाईक सोडलं नाही.

मोबाइलपुढे मात्र त्याही हबकल्या. पासपोर्ट फोटोसुद्धा लोक घरीच काढू लागले. परवा सकाळी मुलगा किशोर म्हणाला, "आये, बास कर आता. गाळा मोबाइलच्या कव्हरवाल्याला देऊ." बाई स्टुलावरची धूळ झटकू लागल्या. पोराचं म्हणणं खरं होतं, हेच त्यांना फार झोंबलं.

तेवढ्यात रेशन दुकानदार जगदीश, वाडीवरच्या म्हाताऱ्या कोंडीला हाताला धरून आत आला. रेशन चालू ठेवायचं तर ओळख पटवायला मोबाइलसमोर बसून पापण्या मिटायच्या, उघडायच्या. शेवटची तारीख दोन दिवसांवर आलेली.

"सकाळधरनं सांगतोय मावशी, पन ही पापनी लववंल तर शप्पथ! वाडीतली समदी म्हातारी अशीच. आता तुमीच बगा."

कोंडी ठसक्यात म्हणाली, "फोटूत डोळं मिटायचं नसतं. हिनंच शिकवलंय."

बाईंना हसूच फुटलं. चाळीस वर्षं त्यांनी अख्ख्या वाडीला दरडावलं होतं: हलू नको, डोळे मिटू नको, फोटो वाया जाईल! त्यांनी कोंडीला दाराकडे तोंड करून उजेडात बसवलं आणि जगदीशचा मोबाइल हातात घेतला.

"कोंडीबाय, आता मीच सांगते. मीट डोळं. हां, उघड!"

कोंडीने मिटले, उघडले. मोबाइलवर हिरवी खूण आली.

"बाकीच्यांनाबी हितंच आनतो," जगदीश म्हणाला. "तुमचंच ऐकतील."

बाईंची मान अभिमानाने ताठ झाली, आणि तो त्यांनी लपवलाही नाही. किशोरकडे असं पाहिलं की तो खाली बघू लागला.

कोंडी मात्र उठेना.

"झालं गं, जा आता."

"झालं कसं? माझा फोटू?"

"तो मोबाइलमधनं सरकारकडं गेला."

"त्यो त्यांचा. मला माझा दे, कागदावरचा. घरात लावाया." पदर सारखा करून ती स्टुलावर ताठ बसली.

किशोर उठला, कॅमेरा आणून त्याने आईच्या हातात दिला.

"वाडीत अजून किती जणं हायेत रं?" त्याने जगदीशला विचारलं. "प्रिंटरात कागद भरून ठिवतो."